पित्त उठलंय, ब्रदर

त्या रात्री मी त्याला ओळखलं ते गळ्यातल्या ओळखपत्रावरून. एरवी हा मुलगा रोज डोळ्यांसमोरचा. ठेकेदाराकडचा हेल्पर, काम ड्रम यार्डात, हसला की उजव्या गालाला खळी. ओएचसीच्या दारात उभा होता तेव्हा त्याच्या डोळ्यांच्या नुसत्या चिरा उरल्या होत्या. वरचा ओठ नाकाला भिडेल इतका फुगलेला, कानाच्या पाळ्या लाल आणि जाड, मानेवर गांध्या. दोघांनी दोन बाजूंनी काखेत धरून त्याला चालवत आणलं होतं. मागे तिसरा, त्याच्या हातात प्लास्टिकच्या बाटलीत कोकमाचं आगळ.

"ब्रदर, पित्त उठलाय त्याला," तो म्हणाला. "आगळ चोळला, पन उतरत नाय. एक ॲव्हिल मारा, मंजे बरा वाटंल."

धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यात मी परिचारक आहे. आमच्या खोलीचं कागदावरचं नाव ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर, बोलण्यात ओएचसी, आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या माणसांच्या तोंडी 'दवाखाना'. नर्सबाईंना सिस्टर म्हणतात म्हणून मी ब्रदर. १९ वर्षं या हाकेला ओ देतो आहे. डॉक्टर दिवसा ठरलेल्या वेळी येतात. रात्रपाळीला खोलीत मी, बाहेर ॲम्ब्युलन्स आणि तिचा ड्रायव्हर.

जुलै महिना होता, तिसरी पाळी. रात्री दोनच्या सुमाराची वेळ. बाहेर पाऊस इतका की पत्र्यावरच्या आवाजात फोनवरचं बोलणं ऐकू येईना. मुलाला कॉटवर बसवलं आणि विचारलं, काय खाल्लंस? जेवण घरचंच, भात आणि सोड्याची आमटी. सोडे लहानपणापासून खातो. प्लांटमधलं काही अंगावर उडालं? नाही. मग जोडीदाराने सांगितलं, कंबर धरली होती म्हणून दीडच्या सुमारास त्याने कुणाकडून तरी दुखण्याची गोळी मागून घेतली होती. पंधरा-वीस मिनिटांत तळहातांना खाज सुटली, मग ओठ जड झाले. "पन ही गोळी त्याने आधी पन घेतलीय," जोडीदार म्हणाला. "कवा काय नाय झाला."

मी शिरेतून ॲव्हिल दिलं, त्यामागे हायड्रोकॉर्टिसोन. शिकलो होतो तसं, आणि त्याआधी वर्षानुवर्षं देत आलो होतो तसं. मग डॉक्टरांना फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज कसा आहे?"

मी त्याला म्हटलं, नाव सांग. तो बोलला, पण तो त्याचा आवाज नव्हता. घोगरा, आतून दाबल्यासारखा. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की तो थुंकी गिळत नाहीये, रुमालात टिपतोय. रक्तदाब पाहिला तर वरचा आकडा ८०.

"ॲड्रिनलिन दिलं?"

"नाही, सर."

"मांडीत अर्धा मिली. आत्ता. फोन ठेवू नका."

ॲम्प्यूल इमर्जन्सी ट्रेमध्ये होती. हाताच्या अंतरावर. दोन वर्षं मी दर महिन्याला तिची तारीख तपासून वहीत टिक करत होतो. फोडली, सिरिंजमध्ये अर्धा मिली ओढलं, पँट वर करायला वेळ न दवडता मांडीच्या बाहेरच्या बाजूला कपड्यावरूनच टोचलं. पाच-सहा मिनिटांत त्याने पहिला मोठा श्वास घेतला आणि आवाज मोकळा झाला. पाणी मागितलं, मी दिलं नाही. त्याला आडवं करून पायांखाली उशा घातल्या आणि तसंच ॲम्ब्युलन्समधून रोह्याला नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी गेला. चौथ्या दिवशी गेटवर दिसला तेव्हा गालाची खळी जागच्या जागी होती.

पण ओएचसीच्या रजिस्टरमध्ये दोन वेळा मी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आहेत. दारात आला ती वेळ आणि मांडीत सुई गेली ती वेळ. मध्ये १४ मिनिटं आहेत. त्या १४ मिनिटांबद्दल मला कुणी जाब विचारला नाही. मुलगा वाचला, विषय संपला. माझ्यापुरता तो संपला नाही.

कारण मला ॲड्रिनलिन माहीत नव्हतं असं नाही. कारखान्यात येण्याआधी मी जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात होतो. रायगडात भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतातच. नाग, मण्यार, घोणस आणि आपल्या कोकणातलं फुरसं. या चारांच्या विषावर मिळून एकच लस असते आणि ती घोड्याच्या रक्तातून तयार होते. मुंबईत परळच्या हाफकिनचं नाव या लशीशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेलं आहे. घोड्याची प्रथिनं माणसाच्या शरीरात गेली की काहींना ती सोसत नाहीत. अंगावर गांध्या, ओठ सुजणं, धाप, रक्तदाब खाली. म्हणून आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर लशीची बाटली टांगण्याआधी ॲड्रिनलिनची सिरिंज भरून उशाशी ठेवायच्या. "ही इथे नसेल तर बाटली लावायची नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ओठ जाड झालेला दिसला की ड्रिप बंद, सुई मांडीत. विचार करायला थांबायचं नाही. मी स्वतः दोनदा दिलं होतं आणि दोन्ही वेळा हात थरथरला नव्हता.

विषाच्या बाबतीत हा जिल्हा जागा आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनची गोळी कशी चालते हे इथल्याच खेड्यांतल्या रुग्णांवर काम करून दाखवलं. त्याआधी विंचवाने माणसं सर्रास मरत. त्यांचं नाव आम्ही परिचर्येच्या शिक्षणातच ऐकलं होतं. साप आणि विंचू म्हटलं की इथला कुठलाही आरोग्य कर्मचारी कान टवकारतो. 

मग त्या रात्री माझे कान का टवकारले नाहीत? याचं उत्तर मी बरेच महिने शोधत होतो, आणि ते मला त्या बाटलीवाल्याच्या वाक्यात सापडलं. पित्त उठलाय. हा शब्द मी आईकडून, आजीकडून, शेजारणींकडून ऐकत वाढलो. पित्त उठलं म्हणजे अंगाला खाज, लाल चट्टे, आमसुलं भिजवून चोळायची, घोंगडी गुंडाळून पडायचं, संध्याकाळपर्यंत उतरतं. त्याने कुणी मेल्याचं घरात कधी ऐकलं नव्हतं. सापाच्या लशीनंतर सुजलेला ओठ माझ्या डोक्यात 'विषबाधा' या खात्यात जमा होता. गोळीनंतर सुजलेला ओठ 'पित्त' या खात्यात. शरीरात घडत होतं एकच. औषधही एकच. पण मी ज्ञान दोन कपाटांत ठेवलं होतं आणि त्या रात्री चुकीचं कपाट उघडलं.

शब्दाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. आयुर्वेदात शीतपित्त म्हणतात ते हेच, आणि दहांतल्या नऊ वेळा आजीचं म्हणणं खरंही ठरतं. गांध्या येतात, जातात. आगळाने कातडीला गार वाटतं, त्यात वाईट काही नाही. वाईट एवढंच की आगळ चोळण्यात वेळ जातो, आणि उरलेल्या एका वेळेला वेळ हीच गोष्ट नसते.

चेहराच का सुजतो, हे मला त्यानंतर डॉक्टरांनी नीट समजावून दिलं. कातडीखाली मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात, त्यांच्यात हिस्टामिनसारखी रसायनं भरून ठेवलेली. ॲलर्जीत त्या एकदम रिकाम्या होतात. बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि रक्तातलं पाणी बाहेर येऊन साचतं. पापणी आणि ओठ यांची कातडी पातळ आणि सैल, आत जागा भरपूर, म्हणून पाणी तिथे आधी दिसतं. पण झिरपणं फक्त तिथेच चाललेलं नसतं. घशात चाललेलं असतं, ते दिसत नाही. साऱ्या अंगात चाललेलं असतं, तेही दिसत नाही. तीव्र प्रतिक्रियेत दहा मिनिटांत रक्तवाहिन्यांमधला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव बाहेर जाऊ शकतो. कुठे जखम नाही, थेंबभर रक्त सांडलेलं नाही, आणि हृदयाला ढकलायला रक्त पुरत नाही. अशा माणसाला उभं करून चालवलं तर उरलंसुरलं रक्त पायांत उतरतं आणि तो जागच्या जागी जाऊ शकतो. आमच्या मुलाला जोडीदारांनी ड्रम यार्डापासून ओएचसीपर्यंत चालवत आणलं होतं. मायेने, घाईने, दोन्ही काखांत हात घालून. वाटेत जिना होता. आजही त्या जिन्यावरून जाताना माझं पाऊल क्षणभर अडखळतं.

"आधी कवा काय नाय झाला" या वाक्याचंही तसंच. १९०२ साली फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोघे समुद्रफुलाच्या विषावर कुत्र्यांमध्ये प्रयोग करत होते. पहिला डोस पचवलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी अगदी थोडा दुसरा डोस दिला आणि तो मिनिटांत मेला. सवयीने शरीर कणखर होईल अशी अपेक्षा होती, घडलं उलट. रिशेंनी त्याला ॲनाफिलॅक्सिस नाव दिलं. १९१३ साली त्यांना नोबेल मिळालं. दुखण्याच्या गोळ्यांची वाट पुष्कळदा याहून वेगळी असते, पण मुक्काम तोच. तेव्हापासून कुणी "मी ही गोळी कायम घेतो" म्हणाला की मी ते निश्चिंत होण्याचं कारण मानत नाही.

आणि ॲव्हिल. या इंजेक्शनवर आपल्याकडे केवढा विश्वास आहे! गावोगावच्या दवाखान्यांत पित्तावर ॲव्हिल आणि डेक्सा हे स्टेरॉइड, ही जोडी ठरलेली. ॲव्हिल हिस्टामिनला अडवतं, खाज कमी करतं. घशातली सूज ते उतरवत नाही, पडलेला रक्तदाब चढवत नाही. स्टेरॉइडला काम सुरू करायलाच तास लागतात. झिरपणाऱ्या रक्तवाहिन्या आवळणं, सूज मागे घेणं, श्वासनलिका मोकळ्या करणं, हृदयाला जोर देणं आणि मास्ट पेशींना आवर घालणं, ही सगळी कामं एकट्या ॲड्रिनलिनची. आपल्याच मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी ते बनवतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ साली ते शुद्ध रूपात वेगळं केल्याचं जाहीर केलं. म्हणजे १०० वर्षांहून जुनं आणि अगदी स्वस्त औषध. तरी आमच्यातले कित्येक जण त्याला हात लावत नाहीत, कारण त्यांनी ते फक्त हृदय बंद पडलेल्या माणसाला देताना पाहिलेलं असतं. 'शेवटचं इंजेक्शन' अशी त्याची ख्याती. शिरेतून भलत्या मात्रेत दिलं तर ते धोक्याचं आहेच. मांडीच्या स्नायूत मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा, ही वेगळी गोष्ट आहे. त्याने छातीत धडधडतं, हात कापतात, आणि माणूस वाचतो.

एवढं कळल्यावर मला सगळीकडे ॲनाफिलॅक्सिस दिसू लागलं असतं. तसं झालं नाही, कारण पुढच्या दोन सुजलेल्या चेहऱ्यांनी मला वेगळंच शिकवलं.

पहिला पॅकिंग विभागातला. गौरी-गणपती संपून कामावर आला तेव्हा दोन्ही पापण्या सुजून बंद व्हायला आलेल्या, कपाळाला आणि कानामागे ओलसर पुरळ. श्वास उत्तम, आवाज उत्तम. विभागातल्या सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, पावडर बाधली. मलाही पटलं, कारण हे घडतं. कारखान्यांतल्या कित्येक रसायनांची कातडीला ॲलर्जी होते. इपॉक्सीचे हार्डनर, रंग, प्रतिजैविकं बनवतानाची मधल्या टप्प्यावरची रसायनं, आणि हवेत तरंगणारी बारीक धूळ पापण्यांवरच बसते. तेव्हाच्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या आजारांची यादी होती, तिच्यात रसायनांनी होणारा त्वचादाह स्पष्ट लिहिलेला होता. मी मास्क पाहिला, धूळ ओढणारा पंखा पाहिला, त्याच्यासोबतच्या सात जणांच्या पापण्या पाहिल्या. सात जणांना काहीच नव्हतं. मुंबईच्या त्वचारोग विभागात त्याची पॅच टेस्ट झाली. पाठीवर ओळीने चिकटवलेल्या रसायनांपैकी एकच जागा लालभडक फुलली, पीपीडी. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या केसांच्या रंगात जे असतं ते. सणाच्या आदल्या दिवशी त्याने केस काळे केले होते. मी त्याला तासभर प्लांटबद्दल विचारलं होतं, केसांबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता.

ही सूज सावकाश येणारी. एक-दोन दिवसांनी दिसते, आठवडाभर राहते, हिच्यात ॲड्रिनलिनचं काही काम नाही. आपल्या लोकांना ही जात खरं तर जुनी माहीत आहे. गुडघ्यावर बिब्बा लावला आणि अंगभर सूज आली की 'बिब्बा उतला' म्हणतात. दुसऱ्या कुठल्या ॲलर्जीला मराठीत असं स्वतःचं क्रियापद मिळालेलं मला तरी माहीत नाही. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. काजूच्या टरफलातलं तेल, कैरीच्या देठाचा चीक यांनीही तसंच होतं. मे महिन्यात ओठाच्या कडा सोललेली पोरं आसपासच्या वाड्यांवर घरोघर दिसतात. आणि मोकळ्या प्लॉटांवर माजणारं गाजर गवत आहेच. त्याने चेहरा आणि पापण्या कशा धरतात याची नोंद पुण्याच्या डॉ. लोणकरांनी १९७४ साली केली होती. आता पापण्यांची सूज आली की मी विचारतो, केसांना काय लावलंस, गुडघ्याला काय लावलंस, कुठलं रान साफ केलंस, आणि मग प्लांटवर येतो. 

पण प्लांटवर येतो जरूर. कारण त्यानंतर दोन वर्षांनी त्याच पॅकिंगमधून खरंच पावडरीमुळे पापण्या सुजलेला माणूस निघाला. तो रविवारी बरा व्हायचा आणि बुधवारपर्यंत पुन्हा सुजायचा. त्याने आठ महिने ते लपवलं होतं. सकाळी गार पाण्याचे हबके मारून, गॉगल लावून यायचा. "सांगितला आसता तर गेटच्या बाहेर काढला आसता ना मना," तो म्हणाला. कायम कामगार असता तर दुसऱ्या विभागात गेला असता. ठेकेदाराच्या माणसाला दुसरा विभाग नसतो, दुसरा ठेकेदार असतो. त्याची बदली करून घ्यायला मला आणि डॉक्टरांना तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी किती टेबलांपुढे उभा राहिलो ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की सुजलेला चेहरा घेऊन माणूस दवाखान्यात येतो की नाही, हे ॲलर्जीपेक्षा त्याच्या गेट पासवर जास्त ठरतं, आणि यावर मला अजून इलाज सापडलेला नाही.

दुसरा चेहरा मला अधिक लागला. बॉयलरवरचे ऑपरेटर, निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना काका म्हणत. वर्षभरात तीनदा जीभ आणि खालचा ओठ सुजून आले. खाज नाही, गांधी एक नाही. पहिल्या दोन्ही वेळा ॲव्हिलचा उपयोग झाला नाही, सूज आपली आपण दीड-दोन दिवसांनी उतरली. तिसऱ्या वेळी डॉक्टर समोर होते. त्यांनी काकांच्या डब्याशेजारची गोळ्यांची पट्टी उचलली. रॅमिप्रिल, रक्तदाबाची. या गटातल्या गोळ्या ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्य शरीरात साचू देतात आणि काही थोड्या लोकांना त्याने अशी सूज येते, कधी गोळी सुरू केल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी. ती हिस्टामिनची नसतेच, म्हणून ॲव्हिल तिथे निष्प्रभ ठरतं. उपाय म्हणजे गोळी थांबवून दुसऱ्या गटातली देणं, आणि सूज घशाकडे सरकते आहे का यावर नजर ठेवून वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचवणं. ती पट्टी काकांना दर महिन्याला ओएचसीतून मिळत होती. वार्षिक तपासणीत त्यांचा रक्तदाब मीच टिपला होता आणि गोळ्या मीच हातात देत होतो. "ब्रदर, वेळेवर घेतो हां मी," ते दर वेळी सांगायचे. खरंच घेत होते. गोळी बदलली आणि सूज पुन्हा आली नाही.

या सगळ्यानंतर आमच्या खोलीत मोठं काही बदललं नाही. भिंतीवर एक लाल डबा आहे. त्यात ॲड्रिनलिनच्या तीन ॲम्प्यूल, एक मिलीच्या सिरिंज, स्नायूपर्यंत पोहोचतील अशा सुया, आणि मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेला कागद. डॉक्टरांनी स्टँडिंग ऑर्डर सही करून दिली आहे, म्हणजे रात्री फोन लागो न लागो, लक्षणं जुळली तर मी थांबायचं नाही. डबा खिडकीपासून दूर, कारण उन्हाने आणि उष्म्याने औषध उतरतं. पाणी गुलाबी किंवा तपकिरी दिसलं की तारीख कितीही पुढची असो, फेकायचं. कोकणातल्या मे महिन्यात मी ते दर आठवड्याला उजेडात धरून पाहतो. बरं वाटलं तरी माणसाला काही तास नजरेखाली ठेवायचं, कारण उतरलेली प्रतिक्रिया पुन्हा चढू शकते. पोरं ऐकत नाहीत, हजेरी जाईल म्हणतात. मी सुपरवायझरला फोन करतो आणि हजेरी लावून घेतो.

४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. पूर्वी मी त्या सप्ताहात ॲसिडने भाजणं आणि डोळे धुण्याचा फवारा यांवर बोलायचो. आता अर्धा वेळ याला देतो. ॲनाफिलॅक्सिस हा शब्द वापरत नाही. सांगतो, पित्त उठलं म्हणा, खुशाल म्हणा, पण त्याला बोलायला लावा. गावाचं नाव विचारा. ओठ सुजले असतील तर प, ब, म नीट येणार नाहीत, त्याला घाबरू नका. आवाज बसला असेल, थुंकी गिळत नसेल, धाप लागली असेल, उलटी होत असेल, चक्कर येत असेल, तर ते पित्त नाही. मग त्याला चालवायचं नाही. आडवा करा, पाय वर घ्या. धाप फार असेल तर टेकून बसू द्या, पण उभा करू नका. आणि त्याला माझ्याकडे आणू नका, मला त्याच्याकडे बोलवा. पहिल्या वर्षी मागच्या रांगेत झोपा चालल्या होत्या. मी दर वर्षी तेच बोलत राहिलो.

गेल्या शटडाउनमध्ये पाइप रॅकवर रंगकाम चाललं होतं. सकाळी साडेदहाला ओएचसीचा फोन वाजला. पलीकडे कुणी हेल्पर होता, आवाज चढलेला.

"ब्रदर, गांधीलमाशी चावली एकाला. तोंड सुजला. आमी त्याला चालवत नाय हां. तुमीच या. लाल डबा घेऊन या."

मी पळालो. रॅकच्या पायथ्याशी सिमेंटवर तो आडवा होता, पाय रंगाच्या रिकाम्या ड्रमवर, डोक्याखाली कुणाचा तरी शर्ट. सुपरवायझर त्याला उठवून गाडीत घाला म्हणत होते आणि दोन हेल्पर त्यांच्या आणि त्याच्या मध्ये उभे होते. पापण्या बंद, गालावर गांध्या, धाप. शेजारी बाटलीत आगळ होतंच, बूच न काढलेलं. मी कपड्यावरून मांडीत सुई दिली आणि घड्याळ पाहिलं. फोन आल्यापासून चार मिनिटं.

मग त्याच्या डोक्याशी बसलो. धाप हळूहळू खाली आली. फोन करणारा पोरगा गुडघ्यांवर बसून त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत होता.

"गाव कुठला तुझा?" त्याने विचारलं.

तो ओठ जुळवायला धडपडला. पहिल्यांदा नुसती हवा आली.

"परत सांग."

"पिंगळसई," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता.